बावकरांची एकशे चाळीस ताटं

आमच्या बिल्डिंगखालच्या दुकानातून गोविंद बावकर बिस्किटांचा पुडा घेतात, तिथेच काउंटरवर फोडतात, बिस्किटं एकेक करून आपल्या स्टीलच्या डब्यात रचतात आणि रिकाम्या वेष्टनाची नीट घडी घालून ती दुकानदारासमोर ठेवतात. वर सांगतात, "हरेशभाई, बिस्किटं माझी, त्यांचे कपडे तुमचे."

हे नेहमीचं आहे. साबणाचे कपडे, चहापत्तीचे कपडे, अगरबत्तीचे तर दोन-दोन, आतले आणि बाहेरचे. सुरुवातीला हरेशभाई भांडले.

"काका, मी काय लाँड्री उघडलीय काय? ह्या कपड्यांचं करू काय मी?"

"माका काय विचारतोस? ज्याने तुका पाठवले त्याका विचार!"

बावकर मूळचे मालवणकडचे. आवाज चढला की त्यांची भाषा आपोआप गावाला जाते.

शेवटी हरेशभाईंनी काउंटरखाली एक खोकं ठेवलं. मी एकदा महिनाअखेरीस ते मोजलं तर सत्तेचाळीस वेष्टनं निघाली. म्हणजे एवढा कचरा एका माणसाने महिन्याभरात घरी नेला नाही. मग आमच्या घरातून किती बाहेर पडतो ते मोजायला घेतलं. आम्ही चौघं. दुधाच्या पिशव्या, पावाच्या, कोथिंबिरीच्या, आलेल्या पार्सलांच्या आतल्या फुगे-फुगेवाल्या. अकराव्या दिवशी आकडा दोनशेवर गेला आणि मी मोजणं थांबवलं. मी विमा कंपनीत आकडेमोडीचं काम करतो, मोजणी अर्धवट सोडत नाही. ही सोडली.

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी आहे. दोन विंग, छत्तीस घरं. मी सात वर्षं सेक्रेटरी आहे, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही. बावकर ब विंगमध्ये तळमजल्यावर एकटे राहतात. वय एकाहत्तर. तीन बहिणींची लग्नं केली, आईचं दुखणं काढलं, आणि स्वतःच्या लग्नाचं "ऱ्हावला" एवढंच सांगतात. काटक बांधा, अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि खांद्याला एक पिशवी. ही पिशवी त्यांनी जुन्या पँटीच्या पायापासून स्वतः शिवली आहे. पँटीचा खिसा पिशवीवर तसाच राहिला असून त्यात ते सुटे पैसे आणि पेन्सिल ठेवतात.

त्यांच्यावर लिहू का, असं मी त्यांना विचारलं होतं. "लिही," म्हणाले, "पण छापणाऱ्याला सांग, अंक पारदर्शक पाकिटात घालून पाठवायचा नाही. पुस्तकाला काय थंडी वाजते?"

त्यांची मासळीबाजारातली फेरी बघण्यासारखी असते. चार कप्प्यांचा डबा घेऊन जातात. कोळीणबाई लांबूनच ओरडते, "आला गं माझा डब्याचा नवरा!" एकदा सुरमईची तुकडी डब्यात मावेना. ती म्हणाली, "दादा, एक पिशवी घेतली तर काय पाप लागतंय?" बावकर म्हणाले, "तुकडी तुझ्याकडे ठेव, मी घरी डबा रिकामा करून येतो." आणि खरंच आले. पस्तीस मिनिटं. मी तिथे भाजी घेत होतो, घड्याळ बघितलं होतं.

एका ठिकाणी मात्र ते हरतात. रक्तदाबाच्या गोळ्या. केमिस्टला त्यांनी विचारून बघितलं, "सुट्ट्या दे, बाटलीत घालतो." त्याने हात जोडले. तेव्हापासून रिकाम्या पट्ट्या काचेच्या बरणीत ठेवतात आणि पाहुण्याला दाखवतात. "ही माझी उधारी," म्हणतात. लपवाछपवी नाही.

हा माणूस असा का, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. एकदा जिन्यात बसून त्यांनी सांगितलं. इकडे पूर्वी कारखाने होते, त्यातल्या एकात बावकर चौतीस वर्षं प्लास्टिकच्या मोल्डिंग मशीनवर होते. बादल्या, मग, टमरेलं.

"एका पाळीत चारशे मग काढायचो. निळे. त्यातला एकसुद्धा मेलेला नाही, सेक्रेटरी. फुटले असतील, फेकले असतील, पण मेला एकपण नाही. खंय ना खंय आहेत. मी मरेन, ते नाही मरणार."

मी घरी येऊन गुणाकार केला. वर्षाला कामाचे तीनशे दिवस धरले तर चाळीस लाख ऐंशी हजार. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं. त्यांनी पिशवीच्या खिशातली पेन्सिल काढली, परत ठेवली. मग म्हणाले, "आईच्या आजारपणात रजा पुष्कळ झाल्या माझ्या. तेवढे कमी कर."

आता पूजेकडे येतो. आमच्याकडे दर वर्षी माघात सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असते आणि दुपारी सगळ्यांचं जेवण. साधारण एकशे चाळीस पानं. यंदा तयारीच्या मीटिंगला चेअरमन पाटकर एक नमुना घेऊन आले.

"थर्माकोल बंद. यंदा कागदी प्लेट. इको-फ्रेंडली. बघा, पाकिटावर हिरवं पान आहे."

बावकर उठले. पायाशी स्टीलची बादली होती. त्यांनी त्याच कंपनीची प्लेट आणून दोन दिवस पाण्यात भिजवली होती. सगळ्यांसमोर ती बाहेर काढली, नखाने एक कोपरा सोडवला आणि प्लेटीवरून पारदर्शक पापुद्रा अखंड सोलून काढला. एका हातात कागदाचा लगदा, दुसऱ्या हातात तो पापुद्रा.

"हा तुमचा इको," बावकर म्हणाले, "आणि हा फ्रेंडली."

लोक हसले. पाटकरांना राग आला. "मग लोकांनी काय हातावर जेवायचं? बुफे आहे, केळीचं पान घेऊन उभ्याने जेवून दाखवा तुम्ही!"

"घरात ताटं नाहीत काय कुणाच्या? मी सोडून पस्तीस घरं. घरटी चार. एकशे चाळीस झाली. जेवा, आणि माझ्याकडे टाका. मी घासतो."

"आणि हरवली की? मग सगळ्या बायका माझ्या दारात!"

"एक जरी ताट हरवलं तर पुढच्या वर्षापासून तुमच्या प्लेटी. मी स्वतः उभा राहून वाटीन. लिही, सेक्रेटरी."

मी लिहिलं: 'एकही ताट हरवल्यास पुढील वर्षापासून कागदी प्लेट वापराव्यात. श्री. बावकर यांस मान्य.' खाली चेअरमन म्हणून पाटकरांनी सही केली, मग बावकरांनी. जरा जोरातच, कागदाच्या मागच्या बाजूला उमटली.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतात ते बरंच आहे. आठ दिवसांत बावकरांनी घरोघर फिरून ताटं गोळा केली आणि प्रत्येक ताटामागचं नाव वहीत उतरवलं. कुणाचं लग्नातलं, कुणाचं डोहाळजेवणातलं, एकावर तर पतपेढीचं नाव. नव्या जोडप्यांची ताटं बिननावाची, त्यांना मागच्या बाजूने माझ्या मुलीच्या नेलपॉलिशने घराचा नंबर. गुलाबी रंगाने 'अ-१६' लिहिताना त्यांनी जीभ बाहेर काढली होती.

अ विंगमधल्या सावंतांकडून आलेल्या चार ताटांत एकावर नाव निघालं, 'सौ. सुलभा परब'. परब राहतात ब विंगमध्ये. परबवहिनी खाली धावत आल्या.

"माझं ताट! माझ्या मिलिंदच्या बारशाला गेलं होतं! मिलिंदला आता मुलगी झाली!"

"मग एवढी वर्षं मागितलं का नाही?" सावंतवहिनी म्हणाल्या.

"तुमच्याकडे आहे हे कळणार कसं? कधी त्यात वाढलंत का मला?"

आता हे वाढणार असं दिसत होतं. बावकर मध्ये पडले. ताट उन्हात धरून त्यांनी दोन्ही बाजूंनी फिरवलं. "बारसं कधी झालं?"

"अठ्ठावीस वर्षं झाली."

"अठ्ठावीस वर्षं परक्याच्या घरात, आणि बघा, कडसुद्धा वाकली नाही. चेअरमनला बोलवा रे, दाखवा हे!"

पूजेच्या दिवशी मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी आणि शिरा. पाण्यासाठी ज्याचा त्याचा पेला. काही खोळंबा झाला नाही. दीड वाजता बावकर टाकीजवळच्या नळाखाली पाटावर बसले, हातात नारळाची शेंडी. मी पाऊण तास मदत केली आणि कंबर धरून वर आलो. पाच वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी शेवटचं ताट पालथं घातलं. एकशे एक्केचाळीस, त्यांचं स्वतःचं धरून. एव्हाना सोसायटी झोपून उठून चहा घेत होती. दोन-तीन बायका आपली ताटं न्यायला आल्या, तर बावकरांनी हात आडवा घातला.

"आत्ता नाही. ओली आहेत, घाईत अदलाबदल होईल, मग बसा परत अठ्ठावीस वर्षं. मी वहीवर बघून घरपोच करतो."

ते बरोबरच होतं. कुणी हरकत घेतली नाही.

हरकत दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. पाटकर मला फाटकाशी भेटले. "सेक्रेटरी, माझी ताटं आली नाहीत. तुमची आली?"

"नाही."

"देशपांड्यांची पण नाहीत. आणि मंगळवारी भंगारवाला ब विंगखाली उभा होता. मी काही म्हणत नाही. पण उभा होता."

पूजेनंतरच्या तिसऱ्या रविवारी अकरा वाजता मीटिंग ठरली. विषय एकच, ताटं. मिनिट बुक माझ्याकडे, तेव्हा अहवाल मी द्यायचा. एक ताट कमी भरलं असतं तरी सही केलेला कागद माझ्याच कपाटात होता, आणि मी आकडा फिरवणाऱ्यांतला नाही, हे बावकरांनाही माहीत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी यादी घेऊन पस्तीस दारं वाजवली. आमचं त्यातलंच, ते बायकोला विचारून लिहिलं. मिळाली का, आणि मिळाली तर कधी. एकोणीस घरं म्हणाली मिळाली. चोक शहात्तर. उरली चौसष्ट.

रात्रीच्या जेवणाआधी टेबलावर बसून मी तारखा ओळीने लावल्या. पूजेनंतरच्या सोमवारी एक घर. मंगळवारी एक. बुधवारी एक. एकोणीस दिवस, एकोणीस घरं. एकाही दिवशी दोन नाहीत आणि एकही दिवस कोरा नाही. मी तीनदा तपासलं. ताटं हरवतात तेव्हा आकडे असे वागत नाहीत.

शनिवारी सकाळी मी बावकरांच्या घरी गेलो. सात वर्षांत पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत. इतकी वर्षं मी नोटीस द्यायला जायचो आणि दारातून देऊन निघायचो. खोलीत एक कॉट, एक खुर्ची, फळीवर एक ताट, एक वाटी, एक पेला. आणि भिंतीलगत, जुन्या धोतराच्या घडीवर, ताटांचे ढीग. चार-चार ताटं, सुती दोऱ्याने बांधलेली, प्रत्येकावर घराच्या नंबराची चिठ्ठी आणि कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा, कारण रिकामं भांडं परत देत नाहीत. मी मोजले. सोळा ढीग. चौसष्ट.

"काका, सगळी इथेच आहेत."

"मग खंय जातील? पाय आहेत त्यांका?"

"पाटकर म्हणतात भंगारात गेली."

"पाटकर जाईल भंगारात! स्टीलचा भाव येणार नाही त्याका!"

"मग देऊन का टाकत नाही? दोघं मिळून वाटू, तासाभराचं काम."

"रोज देतोय ना."

"रोज एक घर."

मला वाटलं आता रागावतील, आणि रागावलेच.

"मग? कुणाचं जेवण अडलंय? प्रत्येकाच्या फळीवर वीस-वीस ताटं पालथी आहेत! घाई कसली आहे तुम्हाला?" मग खुर्चीवरचा टॉवेल उचलून त्यांनी मला बसायची खूण केली आणि स्वतः कॉटवर बसले. "पहिल्या दिवशी मी पाच ढीग घेऊन निघालो होतो. पहिल्याच दारात म्हणाले, अरे वा काका, अजून बरीच घरं असतील ना तुम्हाला, जा जा. दार लावून घेतलं. मी चार ढीग घेऊन घरी परत आलो. दुसऱ्या दिवशी एकच ढीग नेला. म्हणाले, काका, बसा ना. वीस ताटं हातात असलेल्या माणसाला कोण बस म्हणत नाही, सेक्रेटरी. चार असली की म्हणतात."

समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. गेल्या एकोणीस दिवसांच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. 'ब-७. नातू चित्रं काढतो. दोन दाखवली.' 'अ-११. ह्यांचे गुडघे. तेल सांगितलं.' 'अ-२. पंखा वाजतो. बुधवारी बघून देतो बोललो.' पुढच्या सोळा चौकोनांत नुसते घरांचे नंबर. त्यापुढचे चौकोन मोकळे होते.

मी कुठे बघतोय ते त्यांनी पाहिलं.

"पुढच्या वर्षी परत आहेच की पूजा," ते म्हणाले. मग टॉवेलाची घडी घालत, "तू उद्या काय लिहायचं ते लिही. माझी सही आहे."

रविवारी ऑफिसात खुर्च्या पुरल्या नाहीत. बावकर मागे भिंतीला टेकून उभे होते, पिशवीच्या खिशात हात घालून. पाटकरांनी आधीच जाहीर केलं की पुढच्या वर्षीच्या प्लेटींचे दर आपण काढून ठेवले आहेत.

मी उभा राहिलो. "एकूण ताटं एकशे चाळीस. कालपर्यंत पोचली ऐंशी. साठ श्री. बावकर यांच्या घरी बांधून तयार आहेत, मी स्वतः मोजली. हरवलेली, शून्य."

"तयार आहेत तर दिली का नाहीत?" पाटकर म्हणाले. "एकवीस दिवस झाले!"

"ठरावात 'हरवल्यास' असं आहे. किती दिवसांत द्यायची, ते लिहिलेलं नाही."

"अहो, पण ही काय पद्धत झाली?"

"तुम्ही चेअरमन आहात. तुम्हीच खाली सही केली आहे. पद्धत पुढच्या ठरावात लिहा, मी लिहून घेईन. ह्या ठरावाप्रमाणे हिशेब जुळतो, आणि पुढच्या वर्षी ताटंच."

सेक्रेटरीने चेअरमनशी असं बोलायचं नसतं. सात वर्षांत मी बोललो नव्हतो. परबवहिनी मागून म्हणाल्या, "बरोबर आहे! माझं तर अठ्ठावीस वर्षांनी मिळालं, तुम्हाला एकवीस दिवस धीर नाही?" सावंतवहिनी सगळ्यांत मोठ्याने हसल्या. पाटकरांनी दरांचा कागद घडी करून खिशात घातला. बावकर त्या दिवशी मीटिंगमध्ये एक शब्दही बोलले नाहीत. मिनिट बुकात तशी नोंद करायची पद्धत नाही, म्हणून इथे करतो.

लोक पांगल्यावर ते जिन्याशी थांबले होते. मला बघून पिशवी उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"आमची ताटं कधी आणताय?" मी विचारलं.

"तू शेवटचा. पस्तिसावा दिवस."

"चारही एकदम आणू नका. एकेक आणा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करतोय का, ते तपासत होते. मग खिशातून पेन्सिल काढून तळहातावर काहीतरी लिहिलं.

"म्हणजे अडतिसाव्यापर्यंत गेलं."

"अडतिसाव्यापर्यंत."

"बरं," बावकर म्हणाले. दोन पायऱ्या उतरून ते वळले आणि त्यांचा आवाज पुन्हा चढला. "पण दारातून ताट घ्यायचं नाही, सांगून ठेवतो!"